रुमालाखाली

सांगलीच्या यार्डात तेव्हा
हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत.
दोन माणसं हात मिळवत,
वर एक मळका रुमाल पडायचा
आणि खाली बोटं बोटांना सांगायची
शेकडा किती, वर दहा किती.

मी तातोबा तोलाराची धाकटी,
डबा घेऊन पोत्यावर बसलेली.
रुमालाखालचं मला काही दिसायचं नाही.
दिसायचं ते एवढंच:
एक कोपर किंचित मागं जातं,
मानेची शीर उठते,
भुवई नको म्हणते तोवर
खांदा हो म्हणून बसलेला.
आणि माझ्या परकराच्या घोळात
तीन बोटं मिटायची, दोन उघडी राहायची,
मी न सांगता.

"अक्के, तू कुणाची गं दलाल?"
आण्णा हसायचे.
कधीमधी माझा भाव बरोबर निघायचा,
कधी शंभराचा फरक.
शंभरात तेव्हा एखाद्याचं घर बसायचं.

हमाल पोतं पाठीवर घ्यायचा
आणि चहावाल्या पोराचा श्वास अडकायचा.
किटली हातात तशीच, धार कपाबाहेर.
थप्पीवर पोतं धप्पकन पडलं
की मगच त्याचा सुटायचा.
किती पोती उचलली असतील त्यानं
दिवसभरात, मजुरीशिवाय.

आता मिरजेचा दवाखाना, खाट नंबर नऊ.
आण्णांची उजवी बाजू आण्णांची राहिलेली नाही.
व्यायामाच्या मुजावर मॅडम म्हणाल्या,
त्यांचं काम त्यांच्यापुढं करत जा.
सावकाश, रोज. नुसतं बघू दे त्यांना.
हात हलत नसला
तरी आत हलवणारा जागा असतो.
मला ते पोथीतल्यासारखं वाटलं.
तरी दाभण आणलं, सुतळी, रिकामं पोतं.
वॉर्डभर तागाचा वास.
आठ नंबरची कवलापूरची म्हातारी म्हणाली,
"बाजार मांडलास व्हय गं?"

वजन झालं की पोत्याचं तोंड
आण्णा ज्या हातानं शिवायचे
तो हात मी आठवून आठवून घालते.
दाभण खालून वर. सुतळी ओढ. आवळ.
आण्णा पंख्याकडं बघतात.
पोत्याकडंही बघतात,
पण पंख्याकडं बघावं तसंच.

सातव्या दिवशी मी चुकले.
कान न दुमडताच सुतळी ओढली
आणि आण्णांच्या कपाळावर आठी.
चादरीखाली काहीतरी झालं,
पिठात टोका हलावा तेवढंच.
मॅडमना हाक मारावी, चादर उचलावी,
यातलं काही मी केलं नाही.
मी कोपर पाहिलं. मानेची शीर पाहिली.
माझ्या मांडीवर बोटं
केव्हाच भाव लावून मोकळी झाली होती.
तीन. नाहीतर चार.
शंभराचा फरक असेल.

तेव्हापासून पहिले चार टाके
मी नीट घालते,
पाचवा चुकवते,
आणि चादरीकडं बघत नाही
असं दाखवते.