मागच्या गेटचा दिवा

सोसायटीच्या रजिस्टरात त्या तारखेला
एवढंच लिहिलंय: झाडी-सफाई, जेसीबी, चार तास.
खाली सही माझी.

भिंतीपलीकडे विश्वामित्रीचा उतार.
वेडी बाभूळ, पाणकणीस, पुरानं आणून टाकलेल्या चिंध्या,
आणि भिंतीवर दोन पुरांच्या दोन रेघा,
एक माझ्या कमरेशी, एक खांद्याशी.
साप निघतात, मच्छर होतात, असा अर्ज होता
अकरा घरांचा. मी मंजूर केला.

दुपारी निमिष आणि धैर्या बुटांचं खोकं घेऊन आली.
"काकू, मांजरीची पिल्लं. आई पळून गेली."
तीन. अंगावर पुसट पट्टे, कानांच्या टोकांना
काजळाचं बोट पुसल्यासारखं काळं.
कुणी बशीत दूध आणलं, कुणी नावं ठेवायला घेतली.
एक पिल्लू माझ्या अंगठ्यावर फिस्कारलं
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कळलं भूराभाई राठवाला, आमच्या वॉचमनला.
त्यानं हात लावला नाही, नुसता वास घेतला.
"आ घरनी नथी, बेन."
मग हिशेब सांगावा तसं: दूध नको. हात नको.
जिथली तिथं नेऊन ठेवा. अंधार करा.
माणूस दिसला तर येणार नाही ती.

अंधार करा.
चौतीस वर्षं मी वीज मंडळात काढली,
खांब पडला, फ्यूज उडाला की पहाटेचे फोन झेलले,
केव्हा येणार लाइट, केव्हा येणार लाइट.
अंधार कुणी मागितला नव्हता कधी.

शेजारी केतुलचं बॉक्स क्रिकेट. आठ फ्लडलाइट,
रात्री दीडपर्यंत बुकिंग. मी गेले.
"मासी, एक रात्र म्हणजे साडेसहा हजार."
म्हटलं, माहीत आहे, तुझं कनेक्शन मीच मंजूर केलं होतं.
तो हसला नाही.
नऊ वाजता मात्र खटका त्यानंच पाडला,
आणि खेळायला आलेली पोरं
बॅटी मांडीवर घेऊन टर्फवर बसून राहिली,
मोबाइल पालथे.

सी-विंगनं गच्चीतला वाढदिवस जिन्यात आणला.
दक्षाबेननी गल्लीतले कुत्रे रोटल्याच्या लालचीनं
पार्किंगमध्ये कोंडले.
शिर्के म्हणाले, मांजरांसाठी? आणि
गॅलरीतली ट्यूब चालूच ठेवली.
साडेदहाला तीही गेली.
कुणी त्यांना काही बोललं नव्हतं.

एवढा अंधार या शहरात मी
फक्त पुरात पाहिला होता, जीव मुठीत धरून.
खाली पाण्यात जड काहीतरी सरकलं, मगर असावी.
पडद्यांमागे आम्ही एकशे बारा माणसं
एका बाळंतिणीची वाट बघत.

मी काही पाहिलं नाही. खरं सांगते, झोप लागली.
सकाळी खोक्यात एकच पिल्लू.
"दोन नेली," भूराभाई म्हणाला. "तोंड एकच असतं ना तिला.
मग उजाडलं."

दुसऱ्या दिवशी केतुलकडे जायला पाय निघेना.
कसंबसं मन करून संध्याकाळी गेले
तर आठही दिवे आधीच बंद,
आणि तो दारात खुर्ची टाकून, पोरांना हाताने
हळू, हळू म्हणत.

रजिस्टरात आता ठराव आहे:
नदीकडच्या उतारावर यंत्र चालणार नाही.
साप निघाला तर भूराभाईला हाक.
विरोधात तीन मतं, तीही लिहिली आहेत, नावांसकट.
पिल्लं जगली का, कोण जाणे.
एकदा गाळात एक पाऊल दिसलं, नखं न उमटलेलं.
निमिषनं त्याच्याभोवती चार विटा रचल्या.

मागच्या गेटचा बल्ब चैत्रात गेला.
तक्रारवही मी रोज उघडते.
कोरी आहे.