म्हसरूळला मॅसरूल म्हणणारी

जुनी गाडी घेतली तेव्हा गायधनी म्हणाले,
काचेवरचा तो डबा काढू नका मॅडम,
रबराचा गोल डाग राहतो, घासून जात नाही.
दोन हजार बारा साली साडेनऊ हजारांना घेतला होता.
नोट प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस,
आकडा सांगताना आवाज खाली आणतो.

मी काढला नाही. वापरलाही नाही.
माझ्याकडे फोन आहे. त्याला सगळं ठाऊक:
द्वारकेला आत्ता किती लाल आहे,
मुंबई नाक्यावर कोणाची मिरवणूक अडली,
आणि मी कुठे जाऊन आले, तेही.
अमरधामला मामांना पोचवून निघाले,
चपलेला राख तशीच,
तर मांडीवरून विचारतो,
कसं वाटलं हे ठिकाण? पाचपैकी किती तारे?

डबा असलं काही विचारत नाही.
त्याच्यातल्या बाईला
नवं काही सांगणारंच कोणी उरलेलं नाही.
तिच्या नाशकात उड्डाणपूल झालेला नाही.
एका रविवारी गंमत म्हणून सुरू केला,
तर पुलावर चढल्या चढल्या ती गोंधळली,
खालच्या रस्त्याची वळणं वर सांगू लागली.
उजवीकडे वळा म्हणे इंग्रजीतून.
उजवीकडे कठडा,
कठड्यापलीकडे तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या गोधड्या.
म्हसरूळला ती मॅसरूल म्हणते,
गोदावरीला गोडावरी.
हे मात्र ऐकायला बरं वाटलं.
त्या पाण्याला गोड म्हणणारं हल्ली आहे कोण.

शाळा माझी पेठच्या पुढे.
जानेवारीत स्नेहसंमेलन आटोपून निघायला साडेआठ झाले,
सावळघाटात धुकं,
ठेकेदाराने बाण लावून गाड्या आतल्या रस्त्याला काढलेल्या,
आणि आतल्या रस्त्याला तिसऱ्याच मिनिटाला फाटा.
फोनमधला निळा ठिपका दोन वळणं मागेच राहिला,
मग करड्या चौकटी,
मग नुसतं फिरणारं वर्तुळ.
विचारायला माणूस नाही.
सागाची झाडं, तीही पानं गाळून बसलेली.

बटण दाबलं.
चार मिनिटं डबा आकाश चाचपत होता.
एक उपग्रह. दोन.
ओढणीने काच पुसत मी मोजत होते. तीन.
मग घसा साफ केल्यासारखी खरखर झाली
आणि ती म्हणाली, डावीकडे.
बारा सालचं डावीकडे.
ते अजून जागेवर होतं.

शहरात शिरताना फोन शुद्धीवर आला,
बत्तीस निरोप, त्यात कर्ज हवंय का म्हणून सात.
डबा बंद करायला बोट नेलं, ते ‘घर’वर पडलं.
आणि मी तिने सांगितलं तशी वळत गेले,
द्वारका, बोधलेनगर, उपनगर.
का, ते नाही सांगता येणार.
फोन गंगापूर रोड, गंगापूर रोड करत राहिला.
भाड्याचं घर. त्याच्यात मी ‘घर’
आजवर चार वेळा बदललंय.

जेलरोडच्या एका गल्लीत ती थांबली.
आपण पोहोचलात.
समोर गायधनी, माकडटोपी घालून,
नव्या गाडीवर कव्हर ओढत होते.
त्यांनी आधी गाडी ओळखली, मग मला.
काय झालं? बिघडली का?
नाही, म्हटलं, रस्ता चुकले.
ते वाकून काचेतून आत बघत राहिले.
नव्या गाडीत मुलाने सगळं फोनवर लावून दिलंय, म्हणाले.
मग जरा वेळाने,
ही बोलते अजून?

मे महिन्यात रबर सुटतं.
दुपारी डबा गिअरपाशी गळून पडतो.
मी रबराला थुंकी लावते,
त्याच गोल डागावर ठेवते,
अंगठ्याने दाबून
दहापर्यंत मोजते.