वीतभर जागा

झ्शोखे वारला तेव्हा बाग-समितीने
एक्केचाळीस नंबर सपाट करायचं ठरवलं.
आदल्या संध्याकाळी ट्राउडलने तिथून
स्ट्रॉबेरीची तीन रोपं आणली,
ओल्या वर्तमानपत्रात, कांद्याच्या पातीखाली.
चोरीच म्हणा.

जूनमध्ये फुलं आली, भरगच्च.
फळ एकही नाही,
मधोमध नुसतं काळं वाळकं बटण.
तिने खत घातलं, राख घातली, शिव्या घातल्या.

शेवटी लाइपझिशच्या बाजारात
रोपवाली म्हणाली, मित्से शिंडलर ना?
निव्वळ मादी ती. जुनं वाण.
शेजार लागतो तिला.

शेजार म्हणजे ग्योट्स.
कुंपणाच्या वीतभर जागेवरून
अकरा वर्षं अबोला.

त्याच वीतभर जागेत
ट्राउडलने दुसऱ्या वाणाची दोन रोपं खोचली.
त्याने पाहिलं.
उपटली नाहीत.

पुढच्या जूनला
काळपट लाल, इतकी मऊ
की फाटकापर्यंत नेली तरी लगदा.
वास मात्र आधीच पलीकडे गेलेला.

ग्योट्स वाकला. एक तोडली, उभ्यानेच खाल्ली,
बोटं पँटला पुसली.
"झ्शोखेची ना ही?"

ट्राउडलने पाण्याचा नळ सोडला,
मोठा.