साखळीचा पेला

मुहर्रकच्या गल्लीत बू राशिदच्या भिंतीला
येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी थंड पाण्याचा कूलर.
पेला जर्मनचा, काठाला पोचा,
साखळीला बांधलेला.

मी वरून पितो. सवय.
साखळी आखूड, मान वाकडी,
अर्धं पाणी कॉलरीत.
पेशावरचा गुलबाज हसतो:
तोंड लाव की,
ह्या उन्हात कसलं आलंय उष्टं!

खोलीवर माझं एक फुलपात्र आहे.
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. सुमेधा हिस, डिंगणकर मावशीकडून.
बॅगेत आलं ते लसणीची चटणी भरून.
चटणी पहिल्या महिन्यातच संपली.

काय लिहिलंय, गुलबाज विचारतो.
नाव, म्हटलं.
चोरीला जाऊ नये म्हणून?
हो म्हटलं. कुठे समजावत बसू.

बुधवारी साखळी तुटलेली, पेला गायब,
माणसं ओंजळीने पीत होती,
सिमेंटने भरलेल्या ओंजळी.
फुलपात्र नेऊन ठेवलं.
दुपारपुरतंच, असं स्वतःला बजावून.

संध्याकाळी आणायला गेलो तर
एक पोऱ्या पीत होता, तोंड लावून,
ओठ थेट सुमेधाच्या काठाला.
त्याने ते विसळलंही नाही, नुसतं पुढे केलं.

प्यालो. तसंच.
पाण्याला लसणाचा वास होता अजून,
किंवा माझ्याच हाताला.