एकास बहात्तर

खोका डिसेंबरात आणला आणि
तीन आठवडे कोटांच्या कपाटात दडवून ठेवला.
साठी उलटलेला माणूस,
आईपासून खेळणं लपवतोय.
झाकणावर चार इंजिनांचं लँकॅस्टर,
खाली ढग,
ढगांखाली चित्रकारानं काहीच काढलेलं नाही.

आमचं फोर्त्सहाइम सोनारांचं, घड्याळजींचं.
आजोबांचा चिमटा अजून ढिला पडलेला नाही.
त्यानं ते केसाएवढ्या कमानी बसवत,
मी करड्या प्लास्टिकच्या चौकटीतून
चाकं, पंखे, बंदुका सोडवतो.
सांधा घासायचा, लांबी भरायची, पुन्हा घासायचा.
नखाला लागलं तर डोळ्याला दिसणारच.
हेल्गा असती तर हाक मारली असती,
ओटमार, सूप निवलं.
आता निवलेलं माझं मलाच कळतं.

सतराव्या पायरीवर कागद विचारतो,
पोटाची दारं उघडी हवीत की मिटलेली?
दोन चित्रं शेजारी शेजारी,
दोन्हींतले बाण सारख्याच जाडीचे.
ग्लूची बाटली उघडी ठेवून बराच वेळ बसलो.
खिडकीतून वॉलबर्ग दिसतो.
लोक तिथं कुत्री फिरवतात, सूर्यास्त बघतात.
तो डोंगर देवानं केलेला नाही,
ट्रकांनी केलाय, आमच्याच भिंती वाहून.
मी दारं मिटवली.
कड जुळेना. दोनदा तासली,
मग रबरबँड लावून रात्रभर ठेवली.

माणसं सात, बोटाच्या पेराएवढी.
सगळ्यांना चेहरे दिले.
एकाचा ब्रश घसरून हसरा झाला, तो तसाच राहू दिला.

फेब्रुवारीत, तेविसाच्या आधीच्या रविवारी,
आई केक घेऊन आली
आणि मी फडकं टाकायच्या आत तिला दिसलं.
बोलली काही नाही.
कोट काढला, टांगला, बाही सारखी केली.
मग म्हणाली, दे इकडे.
दोन्ही तळव्यांवर घेऊन तिनं ते उलटं केलं.
ते काळं पोट कपाटात कुणालाच दिसणार नव्हतं.
तरी सगळ्यात जास्त रात्री मी त्याच्यावरच घालवल्या होत्या.
"आम्ही तळघरात होतो," ती म्हणाली,
"मी याला नुसतं ऐकलंय."

तेव्हा ती सात वर्षांची. धाकटा ऑयगेन चारचा.
त्याच्याविषयी ती एवढंच सांगते
की त्याच्या एकाच पायात मोजा होता.

मग भिंग मागितलं.
"हा एकटाच का? आणि पाठमोरा?"
शेपटीतला बंदूकवाला, मी म्हणालो,
हा मागे बघत परत जातो.
"म्हणजे यानं शेवटपर्यंत पाहिलं असणार."
भिंग थोडं हललं.
"वय काय असेल?"
वीस. फार तर एकवीस.
"पोरच की," म्हणाली,
आणि केक कापायला उठली.

चिकटचित्रांच्या कागदावर
पिवळ्या बाँबच्या तीन ओळी आहेत, नाकाशी लावायच्या,
एकेका रात्रीचा एकेक.
त्यातला कुठला कुणाच्या गावाचा, ते छापलेलं नाही.
कोमट पाण्याची बशी भरली होती. ओतून टाकली.

"आता काय राहिलं?"
तारा. इथून शेपटीपर्यंत, दोन.
दोरा जाड दिसतो, म्हणून काहीजण केस लावतात.
तिनं अंबाड्यातून दोन उपटले,
कपाळावर आठीसुद्धा नाही.
"पांढरे चालतात?"
वरून काळा रंग देतात.
"मग दे."

दिला नाही.
दिवा डावीकडे सरकवला तर ते दिसतात,
एरवी विमान आणि शेपूट, मध्ये हवा.

एप्रिलात बहिणीनं धूळ झटकली, एक तुटला.
दोन दिवस गप्प राहिलो, मग आईला फोन केला.
पलीकडे नळ वाहत होता.
"त्यात काय एवढं," ती म्हणाली,
"अजून आहेत."