फुंकणी

टोकन सदतीस. सर्जेराव मुळीक, मुक्काम लेंगरे.
फाईल जाड. दोन ईसीजी, एक इको,
मिरजेचा सीटी, कोल्हापूरची अँजिओ,
आणि प्रत्येकाच्या तळाशी वेगळ्या अक्षरात
तोच शब्द: नॉर्मल.

"नॉर्मल हाय, तर मग रात्री तीनला
छातीवर कोण येऊन बसतंय, मॅडम?"

बाहेर अडतीस ते एकाहत्तर खोकत होते.
पुण्याच्या कार्यशाळेत मिळालेलं वाक्य
मी पुढं केलं, अजून न मोडलेल्या नोटेसारखं:
डोळे मिटा. श्वासाकडं बघा. नुसतं बघा.

ते हसले. सोन्याचा दात दिसला.
"एकतीस वर्सं सेलमला गलाई केली.
कोळशावर मूस, तोंडात फुंकणी.
जोर झाला की माल उडतो,
ढिल पडली की गार.
आन तुम्ही मला श्वास बघायला शिकवताय व्हय?"

मी पेन खाली ठेवलं.
दाखवा, म्हटलं.

त्यांनी हवेतच फुंकणी धरली, दोन बोटांत,
ती अजून तापलेली असल्यासारखी.
नाकानं आत, गालात साठा, ओठांतून बाहेर
एक बारीक, लांब, न तुटणारी फुंक.
औषध कंपनीच्या कॅलेंडरचं पान उचललं गेलं
आणि तसंच राहिलं.
सकाळपासून कानांपर्यंत चढलेले माझे खांदे
तेव्हा कुठं मला सापडले.

मग फुंक तुटली.

"हाताखाली पोरगं होतं. पारं गावचं.
तेजाबाचा तांबडा धूर कोंडला खोलीत.
पावसाची झड आत येत हुती म्हणून
खिडकी मीच लावलेली.
रात्री गेलं ते.
किती वाजता, ते इचारू नका."

नाही विचारलं.
पंख्याचा आवाज होता. दोघं ऐकत बसलो.
अडतीस नंबरनं दार ढकललं, परत लोटून घेतलं.

बीपी पुन्हा घेतलं. मघाशी एकशे अठ्ठावन्न,
आता एकशे चव्वेचाळीस.
केसपेपरवर एवढंच मावलं.

जुनी गोळी तशीच ठेवली. तिच्याखाली लिहिलं:
फुंकणी, रात्री, जाग आल्यावर.
खिडकी उघडी ठेवून.

दहा मिनिटांनी मेडिकलचा पोरगा
चिठ्ठी घेऊन आत डोकावला:
"मॅडम, हे दुसरं कुठल्या कंपनीचं येतं?"