पातळ हात

आमच्या चेंबरला तीन दिवस भाजावं लागतं
ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून,
डब्यातल्या पोळ्यांसारखं.
भिंतींना धरून बसलेलं पाणी तेव्हा कुठे सुटतं.
पाषाणला गुरुवारी नळ बंद,
म्हणून बागवानभाई बुधवारी रात्रीच टाकी भरतात
पंप तापू नये म्हणून,
आणि वहीत लिहून जातात: पाणी आहे. झोपा.

मग कोबाल्ट.
पाच अणूंची जाडी,
वजन करायलाही लाज वाटावी इतका धातू.
त्याचं चुंबकत्व फिल्मच्या पातळीत आडवं पडलेलं,
दुपारी दुकानाच्या फळीवर
लवंडलेल्या माणसासारखं.

त्यावर निळी पूड.
बाटलीवर नाव थॅलोसायनिन.
ग्रॅमला काय पडते ते अप्पांना अजून सांगितलेलं नाही.
पण झाकण काढलं आणि मी ओळखलं तिला.
नाना पेठेतल्या आमच्या खोलीत
हीच निळाई तेलात कालवलेली असायची,
अप्पांच्या नखांत, कपाच्या कानाला,
माझ्या चौथीच्या नकाशावर
अरबी समुद्राच्या बरीच बाहेर.

शिळीमकर पेंटर.
बोर्ड, नंबरप्लेट, टेम्पोमागची अक्षरं.
फ्लेक्स येईपर्यंत अर्धी पेठ
त्यांच्या वळणात बोलत होती.
मला ब्रश धरायला शिकवताना म्हणायचे,
पातळ हात दे. जाड रंग पापुद्रे धरतो.
आणि रंगाचं काम काय, तर गंज अडवायचा,
बाकी काही नाही.
खालचं लोखंड लोखंडच राहतं, पोरी.

बावीस मिनिटं पूड तापवली.
एका रेणूच्या जाडीचा थर.
याहून पातळ हात
कुणाच्या बापाला देता येणार नाही.

लेझरचा किरण फिल्मवरून परततो
तेव्हा त्याचा रोख किंचित वळलेला असतो,
त्या वळण्यावरून आम्ही आतलं वाचतो.
पहिले दोन नमुने काही बोललेच नाहीत.
तिसरा बागवानभाईंच्या शिंकेने
चिमट्यातून पडला.
चौथ्याला, रात्री पावणेदोनला,
आलेखातली तिरपी रेघ गेली
आणि चौकोन उभा राहिला, सरळ कडांचा.
कोबाल्ट उठून बसलं होतं.
नाही, उभंच होतं,
फिल्मशी काटकोनात.

त्याला उठवायला ना वीज, ना तारेचं वेटोळं.
निळे सपाट रेणू वर अंग टाकून निजले
आणि जिथे दोघं टेकतात तिथल्या इलेक्ट्रॉनांनी
काहीतरी उसनं घेतलं, दिलं.
मी खुर्चीत पाय वर घेऊन बसून राहिले.
पंपाचा आवाज तेवढा होता.

लिमये मॅडम म्हणाल्या, परत करून दाखव.
पाचदा दाखवलं. एकदा जमलं नाही.
तेही लिहिलं.

रविवारी अप्पांना सांगायला बसले.
मोतीबिंदू काढून आठ दिवस झालेले,
डोळ्यावर काळा चष्मा, रेडिओ बंद.
उपयोग काय, त्यांनी विचारलं.
कमी विजेत जास्त आठवण, मी म्हणाले,
कॉम्प्युटरला, फोनला. अजून लांब आहे ते.
बरं, म्हणाले.
मोरीच्या आडोशाला लावलेला जुना पत्रा
हाताने चाचपला त्यांनी:
विसावा लॉज, उत्तम सोय.
गिऱ्हाईक कधी न्यायलाच आलं नाही.
अक्षरांवरून अंगठा सावकाश फिरवत म्हणाले,

म्हणजे त्याला कळत होतं की काय,
वर काय लिहिलंय ते?

मी सांगणार होते, हा पत्रा फार जाड आहे, अप्पा,
इतक्या जाडीत काही होत नाही.
अंगठा 'सोय'च्या मात्रेवर थांबला होता,
तिथे रंग जरासा जाड बसला होता.